मैदान सुटल्यावर पर्सनल ट्रेनर व्हायचं असेल तर

राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या मुलाला ग्वाल्हेरात जिममध्ये काम मिळायला फार वेळ लागत नाही. सिटी सेंटर असो, ठाटीपूर असो की कंपू, मालक खांदे बघतो, ‘नॅशनल खेळलाय’ एवढं ऐकतो आणि उद्यापासून फ्लोअरवर ये म्हणतो. अडचण तिथून सुरू होते. समोर उभा असतो दाल बाजारातला अठ्ठेचाळीस वर्षांचा व्यापारी. दिवसाचे दहा तास गादीवर, उजव्या गुडघ्यात कळ, रक्तदाबाची गोळी चालू. त्याला तुमच्या पदकाचं कौतुक पहिल्या दिवसापुरतंच असतं. तुमच्या प्रशिक्षकानं तुमच्याकडून जे करून घेतलं, त्यातलं बहुतेक याच्या कामाचं नाही आणि थोडंफार तर घातकच आहे.

मध्य प्रदेशात विक्रम हा राज्याचा क्रीडा पुरस्कार मिळालेल्यांना सरकारी नोकरीची वाट असते. बाकीच्यांनी विशी-पंचविशीत खेळ सुटल्यावर काय करायचं, हे कोणी सांगत नाही. ट्रेनरचं काम हा त्यातला चांगला पर्याय आहे. पण नीट शिकून करायचं तर साधारण वर्षभर हाताशी धरा: चार-पाच महिने अभ्यास, सहा महिने कोणाच्या तरी हाताखाली.

कोच वेगळा, ट्रेनर वेगळा

आपल्या गावात या बाबतीत गोंधळ जास्त, कारण एलएनआयपीई, म्हणजे लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था, इथेच आहे. १८५७ च्या उठावाला शंभर वर्षं झाली त्या निमित्तानं १९५७ साली राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं हे कॉलेज निघालं, आणि १९९५ पासून त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. नुकतीच बारावी झाली असेल, घरून तीन-चार वर्षं शिकायची मुभा असेल, तर तिथली शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यावी. शरीररचना, शरीरक्रियाशास्त्र, बायोमेकॅनिक्स यांचा पाया इतका पक्का दुसरीकडे होत नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा मात्र एखाद्या खेळाचा कोच व्हायला असतो. तो घेतलेला माणूस हॉकीची टीम उत्तम घडवेल, पण पन्नाशीच्या मधुमेही बाईंना काय द्यायचं हे त्या अभ्यासक्रमाचं मुख्य काम नाही.

पंचविशी उलटली असेल आणि घर चालवायचं असेल, तर प्रमाणपत्राचा रस्ता धरा. देशात यासाठी क्रीडा आणि फिटनेस क्षेत्राची कौशल्य परिषद आहे. तिला सगळे एसपीईएफएल-एससी म्हणतात. तिचा ‘फिटनेस ट्रेनर’ हा अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य चौकटीत बसतो, खर्च कमी असतो आणि सुरुवातीला पुरतो. पुढे मोठ्या शहरात किंवा परदेशी जायचं मनात असेल तर एसीई, एनएएसएम किंवा एनएससीए या अमेरिकी संस्थांचं प्रमाणपत्र. तिन्हींना वय १८ पूर्ण आणि सीपीआर-एईडीचं (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं आणि विजेचा झटका देणारं यंत्र वापरणं, याचं) चालू प्रमाणपत्र लागतं. एसीईच्या परीक्षेत १५० प्रश्न, ३ तास. ८०० पैकी ५०० गुण उत्तीर्ण व्हायला. एनएएसएममध्ये १२० प्रश्न, २ तास. एनएससीएमध्ये १५५ प्रश्न, ३ तास, आणि त्यात व्यायामाच्या तंत्राचे व्हिडिओ दाखवून विचारतात. वेटलिफ्टिंग, कुस्ती, अ‍ॅथलेटिक्स केलेल्यांना ही शेवटची जवळची वाटते. पहिली दोन प्रमाणपत्रं दर २ वर्षांनी आणि एनएससीएचं ३ वर्षांनी नूतनीकरणाला येतं. त्यासाठी मधल्या काळात ठरावीक तासांचं शिक्षण दाखवावं लागतं.

शनिवार-रविवारात ‘इंटरनॅशनल मास्टर ट्रेनर’ करून देणारेही भेटतील. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रात्यक्षिक परीक्षा आहे का? सीपीआर सक्तीचं आहे का? प्रमाणपत्राची मुदत संपते का? क्रमांक टाकून कोणालाही ते ऑनलाइन तपासता येतं का? मुदतच न संपणारं प्रमाणपत्र बहुतेक वेळा भिंतीवर टांगण्यापुरतंच असतं.

अभ्यास: सोपा कुठे, अवघड कुठे

खेळाडूला शरीररचना वाटते तितकी अवघड जात नाही, फक्त पाठांतराचं टोक चुकीचं धरलं जातं. स्नायूंची यादी घोकू नका. स्वतःच्या खेळातली एक हालचाल घ्या आणि ती सोडवा. हॉकीत खाली वाकून डावीकडे चेंडू ढकलताना कुठला सांधा वाकला, कुठला फिरला, कुठला स्नायू आखडला आणि कुठला लांबून आवर घालत होता, हे लिहा. अशा वीस हालचाली लिहून काढल्या की निम्मा अभ्यास झाला.

मराठी किंवा हिंदी माध्यमातून आलेल्यांना अडतं ते इंग्रजी शब्दांवर. दोनशे पानी वही घ्या आणि तीन रकाने पाडा: घरचा शब्द, परीक्षेचा शब्द, त्या स्नायूचा एक व्यायाम. ‘मांडीचा पुढचा भाग, क्वाड्रिसेप्स, खुर्चीवरून उठणं.’ ‘पोटरी, गॅस्ट्रॉक्निमियस, चवड्यावर उभं राहणं.’ रोज दहा शब्द केले तर सहा आठवड्यांत चारशे होतात, आणि तेवढे भरपूर झाले. शेवटचा महिना फक्त सराव प्रश्न. नापास होणारे सहसा विज्ञानात जात नाहीत. ‘अशा क्लायंटशी आधी काय कराल’ या प्रश्नांत जातात. खेळाडू तिथे सवयीनं सर्वांत कडक पर्याय निवडतो.

सीपीआर पुस्तकातून शिकू नका, पुतळ्यावर शिका. प्रौढ माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ३० दाबांमागे २ श्वास. दोन मिनिटांत दाबणारा थकतो आणि खोली कमी होत जाते, म्हणून दुसरा माणूस तयार लागतो. कामाला लागाल त्या जिममध्ये पहिल्याच दिवशी बघून ठेवा: एईडी आहे का, जिन्यातून स्ट्रेचर उतरतं का, १०८ ला पत्ता सांगताना जवळची खूण कोणती. तळघरातल्या जिममध्ये फोनला रेंज नसते, हेही आधीच कळलेलं बरं.

तुमचा खेळ तुमच्या हातात कुठे लपलाय

ही पायरी कुठल्याच अभ्यासक्रमात नाही आणि माजी खेळाडू नेमके इथे अडखळतात. जो जे खेळला, तेच तो सगळ्यांना करायला लावतो. आखाड्यातून आलेला पहिल्या दिवशी शंभर बैठका आणि मानेचा पूल. धावणारा प्रत्येकाला ट्रेडमिलवर चढवतो. वेटलिफ्टर चाळिशीच्या बँक अधिकाऱ्याला स्नॅच, म्हणजे बार एका झटक्यात डोक्यावर उचलणं, शिकवू पाहतो. त्या अधिकाऱ्याचा हात खांद्याच्या वर सरळ जात नाही, हे बघायचं राहून जातं. हॉकीवाल्यांची तर स्वतःचीच कंबर पुढे आखडलेली असते. हॉकीपटू कॅप्टन रूपसिंग याच गावात राहिले, महिला हॉकीची राज्य अकादमी कंपूला आहे, म्हणून ग्वाल्हेरच्या जिममध्ये हॉकीवाले बरेच सापडतात. बसकी चाल, पुढे झुकलेली छाती त्यांना नैसर्गिक वाटते, म्हणून क्लायंटची तीच चूक त्यांच्या डोळ्यांना खुपत नाही.

यावर एक उपाय चालतो. तुमच्या खेळात कधीच न लागलेल्या तीन हालचाली शोधा आणि त्या स्वतः शून्यापासून शिका. पैलवानानं पोहणं, धावपटूनं पुल-अप, हॉकीपटूनं हात डोक्यावर नेऊन डंबेल दाबणं. दोन आठवडे स्वतः अवघडलात, की नवशिक्याला ‘गुडघा बाहेर’ म्हटल्यावर गुडघा नेमका कुठे न्यायचा हे का कळत नाही, ते समजतं. वर्षानुवर्षं केलेली हालचाल विचार न करता होते, त्यामुळे ती शब्दांत सांगता येत नाही. चांगले खेळाडू वाईट शिकवतात ते याच कारणानं.

दुसरी सवय श्वासाची. कुस्ती आणि लिफ्टिंगमध्ये जोर लावताना श्वास कोंडून पोट कडक करतात. तुमच्यासाठी ते बरोबर होतं. रक्तदाब असलेल्या माणसाचा दाब त्यानं एका झटक्यात चढतो. त्याला उचलताना श्वास सोडायला लावा. मोठ्यानं ‘एक, दोन’ मोजायला सांगितलं तर श्वास आपोआप सुटतो.

तिसरी, आवाज. मैदानावर ओरडणं चालतं. शिंदे की छावणीतल्या साठीच्या काकू ओरडा ऐकून दुसऱ्या दिवशी येतच नाहीत, आणि का आल्या नाहीत हे सांगतही नाहीत.

स्वतःच्या शरीराचंही बघा. दिवसाला चार तासांचा सराव थांबला की भूक महिनोन्‌महिने जुनीच राहते. पोळ्या आणि तूप आधी कमी करा, व्यायाम हळूहळू उतरवा. एकदम सोडू नका.

पहिला तास

पहिल्या तासात घाम काढायचा नसतो. साठ मिनिटांपैकी वीस बोलण्यात, पंधरा मोजमापात, वीस हालचाली बघण्यात आणि पाच पुढचं ठरवण्यात जावीत.

बोलण्याला आधार म्हणून पीएआर-क्यू प्लस ही प्रश्नावली वापरा. तिच्या पहिल्या पानावर सात प्रश्न आहेत: हृदयविकार किंवा रक्तदाब, छातीत दुखणं, गेल्या बारा महिन्यांत चक्कर किंवा शुद्ध हरपणं, दुसरा जुनाट आजार, चालू औषधं, हाडं-सांधे-स्नायूंची तक्रार, आणि ‘डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्यायाम करा’ असं कधी सांगितलंय का. एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर पुढची पानं भरायची आणि गरज पडली तर डॉक्टरांची चिठ्ठी. आपल्याकडे लोक फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहितात. म्हणून तोंडी वेगळ्या वाटेनं विचारा: ‘सकाळी चहाबरोबर कुठली गोळी घेता?’ मग थायरॉइड, बीपी, साखर सगळं बाहेर येतं.

रक्तदाब दंडावर पट्टा बांधायच्या डिजिटल यंत्रावर घ्या. आधी पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, अर्ध्या तासात चहा नको. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वर येतो, म्हणून मोठा पट्टाही विकत घ्या. पाच मिनिटांच्या अंतरानं दोनदा १६०/१०० च्या वर आलं तर त्या दिवशी फक्त चालणं आणि डॉक्टरांकडे रवानगी. पुस्तकांतल्या मर्यादा याहून वर आहेत, पण नवख्या ट्रेनरनं आपली खालीच ठेवावी.

कंबर टेपनं मोजा. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर ही सावध होण्याची रेघ. वजनकाट्यापेक्षा हा आकडा जास्त बोलका असतो आणि पहिल्या दोन महिन्यांत हलतोही लवकर.

मग हालचाली: खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठतो, एका पायावर १० सेकंद उभा राहतो का, हात डोक्यावर सरळ जातात का, भिंतीला टेकून दंड किती मारतो. दम बघायचा असेल तर ३० सेंटीमीटरच्या पायरीवर तीन मिनिटं, मिनिटाला २४ वेळा चढ-उतार, आणि लगेच बसवून पुढचं एक मिनिट नाडी. गुडघा दुखत असेल तर ही चाचणी सोडा.

एक बैठक, जवळून

त्या व्यापाऱ्याला उठ-बस शिकवू. मागे ४५ सेंटीमीटर उंचीचं स्टूल. पावलं खांद्याएवढी, चवडे किंचित बाहेर. छातीशी ६ किलोचा डंबेल उभा धरलेला (याला गोब्लेट म्हणतात). पुढे वजन असलं की माणूस मागे पडायला घाबरत नाही. तीन मोजत खाली, बूड स्टुलाला लागलं न लागलं की वर. ८ वेळा, दोन सेट, मध्ये ९० सेकंद.

आता बघत राहा. टाच उचलली जातेय? घोटा आखडलाय. दोन्ही टाचांखाली अडीच किलोची एकेक प्लेट सरकवा, लगेच फरक दिसेल. घोट्याचं काम वेगळं घरी द्या. गुडघे आत पडतायत? आधी वजन काढा. तरी पडत असतील तर गुडघ्यांच्या वर हलका बँड घाला आणि ‘बँड फाड’ एवढंच सांगा. खाली जाताना कंबर गोल होतेय? खोली त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त आहे, स्टुलावर एक जाड उशी टाका. तीन चुका एकदम दिसल्या तरी एकच दुरुस्त करा. खेळाडूला तिन्ही लगेच दिसतात, आणि तिन्ही सांगायचा मोह होतो.

कंबरेतून वाकणं शिकवायला दीड मीटरची काठी पुरते. ती पाठीला उभी लावायची: डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेली. वाकताना एकही जागा सुटली तर चूक. तोंडी सूचना अशी द्या: ‘दोन्ही हातांत पिशव्या आहेत, मागचं दार बुडानं लोटा.’ अमुक स्नायू आवळा म्हणण्यापेक्षा बाहेरची वस्तू दाखवली की शरीर लवकर समजतं. ग्वाल्हेरात बऱ्याचशा क्लायंटना हेच हिंदीत सांगावं लागणार, तेव्हा वाक्यं दोन्ही भाषांत घोटून ठेवा. ‘दरवाजा पीछे धकेलिए’ म्हणायला सोपं आहे. ऐन वेळी शोधत बसाल तर समोरच्याचा तोल जातो.

काठीचा दुसरा फायदा असा की हात लावायची गरज कमी पडते. लावायचाच असेल तर दर वेळी विचारून, दोन बोटांनी, पाठीच्या वरच्या भागाला. १८ वर्षांखालच्या मुलामुलींना पालकांच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नका आणि बंद खोलीत एकटं शिकवू नका.

पहिले चार आठवडे

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुटी. सहा हालचाली: बसणं, वाकणं, ढकलणं, ओढणं, पायरी चढणं, वजन घेऊन चालणं. प्रत्येकी २ सेट, १० ते १२ वेळा, आणि दर सेटच्या शेवटी ‘अजून तीन झाले असते’ अशा जागी थांबायचं. वजन कधी वाढवायचं? शेवटच्या सेटमध्ये ठरल्यापेक्षा दोन जास्त मारले आणि असं सलग दोन दिवस झालं, की हाताच्या व्यायामाला १ ते २.५ किलो आणि पायाच्या व्यायामाला २.५ ते ५ किलो. त्याआधी नाही, क्लायंट कितीही म्हणाला तरी.

वही ठेवा. एका ओळीत एवढं आलं पाहिजे: ‘सोम. गोब्लेट ८ कि., २×१०, ३ बाकी. डावी टाच. झोप ५ तास, लग्नाला गेले होते.’ महिन्यानं क्लायंट म्हणतो काहीच फरक नाही, तेव्हा ही वही पुढे सरकवायची.

पहिल्याच दिवशी दोनशे बैठका मारायला लावल्या तर काय होतं ते नीट समजून घ्या. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं आणि उतरतं, ते ठीक. पण स्नायू प्रमाणाबाहेर फाटले तर त्यांतला मायोग्लोबिन रक्तात येऊन मूत्रपिंडात अडकतो. मांड्या सुजून कडक होतात, हातपाय लुळे वाटतात, लघवी काळ्या चहासारखी होते. असा फोन आला तर ‘पाणी पी, आराम कर’ म्हणून थांबू नका, त्याच तासाला दवाखान्यात पाठवा. उन्हाळ्यात आणि उपाशीपोटी हा धोका वाढतो. पूर्वी खेळलेले, दहा वर्षांनी परतलेले क्लायंट यात विशेष सापडतात: मन जुनं असतं, स्नायू नवे.

औषधं, साखर आणि तुमची हद्द

रक्तदाबाच्या काही गोळ्या, म्हणजे बीटा ब्लॉकर, नाडी वर चढू देत नाहीत. अशा माणसाला घड्याळातला आकडा बघून पळवणं म्हणजे आंधळेपणानं गाडी हाकणं. त्याच्याशी बोलत राहा. वाक्य पुरं करता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम जोर. बाकीच्यांसाठी कमाल नाडीचा अंदाज २०८ वजा वयाच्या ०.७ पट. पन्नाशीच्या माणसाला तो १७३ येतो. अंदाजच तो, दहा-बारा इकडे तिकडे होतोच.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याची साखर व्यायामाआधी ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खायला घाला. मध्येच थरथर, घाम, चिडचिड दिसली आणि ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासणी. २५० च्या वर असेल आणि बरं वाटत नसेल तर व्यायाम बंद, डॉक्टरांना फोन.

आहाराबद्दल साधं बोलायला हरकत नाही. ७० किलोच्या माणसाला किलोमागे १.२ ग्रॅम धरले तर ८४ ग्रॅम प्रथिनं. शाकाहारी घरात ती जुळवताना आकडे तोंडपाठ हवेत: १०० ग्रॅम पनीर साधारण १८, ५० ग्रॅम कोरडे सोया वडे २५ च्या आसपास, पाव लिटर दूध ८, वाटीभर घट्ट वरण ६-७. सकाळची कचोरी-जलेबी बंद करायला लावाल तर महिनाभरात तुम्हीच बंद व्हाल. रविवारी एकदा ठेवा. पण मूत्रपिंड, मधुमेह, गरोदरपण यांचा आहार लिहून देणं तुमचं काम नाही, त्यासाठी आहारतज्ज्ञ आहेत.

पावडरच्या डब्यांचं कमिशन पहिल्या महिन्यातच पुढे येतं. सप्लिमेंट विकायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. इंजेक्शनं आणि स्टेरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधांत मोडतात. त्या विकणं हा गुन्हा आहे, आणि ‘मी फक्त नंबर दिला’ हे उत्तर चालत नाही.

इथलं हवामान, इथले सण

मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. बाहेरचे सेशन पहाटे साडेपाचला सुरू आणि सातच्या आत बंद. व्यायामाआधी-नंतर वजन करा. एक किलो उतरलं तर सुमारे एक लिटर पाणी गेलं, आणि पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर भरून काढायचं, चिमूटभर मीठ घालून. ट्रेडमिलवर सेफ्टी क्लिप कपड्याला लावल्याशिवाय कोणाला चढवू नका. भर उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा पट्टा जागच्या जागी थांबतो. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात वॉर्म-अप पाचाऐवजी बारा मिनिटं.

किल्ल्यावर चालायला नेणं सगळ्यांना आवडतं. चढताना दम लागतो, पण गुडघे बोलतात ते उतरताना, कारण उतारावर मांडीला प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागतो. नवख्याला पहिल्या महिन्यात चढून जाऊ द्या आणि खाली गाडीनं आणा.

संकष्टी-एकादशीला हलकं सेशन, आणि संध्याकाळपर्यंत उपाशी असतील तर सकाळी. करवा चौथला पाणीही नसतं. त्या दिवशी तास ठेवूच नका. गणपती, दिवाळी, लग्नसराई यांत महिनाभर गळती होणार हे धरूनच वर्षाचा हिशेब मांडा.

पैसे

सुरुवात फ्लोअर ट्रेनर म्हणून, ठरावीक पगारावर. पीटीचे, म्हणजे पर्सनल ट्रेनिंगचे, क्लायंट मिळाले की फीत जिमचा आणि तुमचा वाटा असतो. तो कागदावर घ्या: टक्के किती, पैसे कोणत्या तारखेला, जिम सोडल्यावर उरलेल्या सेशनचं काय. तोंडी ठरलेला वाटा तिसऱ्या महिन्यात बदलतो.

समजा पाच क्लायंट, प्रत्येकी महिन्याला १२ तास, तासाला ५०० रुपये. ३०,००० झाले, निम्मे तुमचे, १५,०००. आता घरी जाऊन शिकवण्याचं बघा. फी ८०० घेतली, पूर्ण तुमची. पण बाड्यावरून मुरारला जाऊन यायचं, गाडी लावायची, त्यांनी चहासाठी थांबवायचं. एका तासाचे पावणेदोन होतात आणि ताशी कमाई साडेचारशेवर येते, पेट्रोल वेगळं. म्हणून घरचे क्लायंट एकाच वस्तीत घ्या. लष्करचे सकाळी, मुरारचे संध्याकाळी. पिशवीत दोन बँड, ८ किलोचा केटलबेल, टेप, बीपीचं यंत्र, काठी आणि साखरेच्या पुड्या.

खेळाडू फी सांगताना लाजतो, आणि ओळखीच्यांना फुकट शिकवतो. पहिले दोन क्लायंट अर्ध्या फीत घ्या हवं तर, पण मुदत सांगून: आठ आठवडे, त्यानंतर पूर्ण. बारा सेशनचं पॅकेज पाच आठवड्यांत संपवायचं, आगाऊ पैसे, यूपीआयनं, म्हणजे नोंद राहते. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. जिमच्या फीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला. फी तेवढीच राहिली असेल तर वाट्याची बोलणी पुन्हा करायला हे निमित्त पुरतं.

सेशन रद्द करायचं तर आदल्या रात्री नऊच्या आत कळवायचं, नाहीतर ते मोजलं जाईल, हे पहिल्याच दिवशी सांगा. आणि तुम्ही रद्द केलंत तर पुढचं एक सेशन फुकट, हेही त्याच कागदावर लिहा.